पुन्हा पुन्हा होणारं यीस्ट इन्फेक्शन: नेमकं निदान आणि टिकणारा उपचार

गोळी घेतली, तीन-चार दिवसांत खाज थांबली, आणि पुढची पाळी जवळ आली तशी पुन्हा सुरू झाली. मग परत तीच गोळी, तेच मलम. वर्षभर हे असंच चालू राहिलं की मनात दोन शंका येतात. आपल्या स्वच्छतेत काही कमी पडतंय का? आणि औषधाचा असरच संपलाय का? पहिली शंका बहुतेक वेळा निराधार असते. दुसरीत थोडं तथ्य असतं, पण बऱ्याचदा औषध बरोबर असतं आणि ते घेण्याचा काळ अपुरा पडलेला असतो. किंवा मुळात दुखणंच वेगळं असतं.

हा लेख योनीमार्गातल्या कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गाबद्दल आहे. डॉक्टर त्याला थ्रश म्हणतात, बोलताना आपण यीस्ट किंवा फंगल इन्फेक्शन म्हणतो. दर चार स्त्रियांपैकी साधारण तिघींना आयुष्यात एकदा तरी तो होतो, त्यामुळे एखाद्या वेळी झाला तर त्यात विशेष काही नाही. ‘वारंवार होणारा’ केव्हा म्हणायचं याचे मात्र निकष आहेत. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२१ च्या सूचनांनुसार वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा लक्षणं आली तर. ब्रिटनमधले तज्ज्ञ हा आकडा चार धरतात, आणि त्यातल्या निदान दोन वेळा तपासणीत कॅन्डिडा सापडलेला असावा अशी अट घालतात. ही अट मला आकड्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. वर्षानुवर्षं ‘मला सारखं फंगल होतं’ म्हणणाऱ्या अनेकींची एकदाही तपासणी झालेली नसते.

पायरी १: हा थ्रशच आहे का, ते आधी ठरवा

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दुकानातून स्वतःच फंगसचं औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांना फक्त थ्रश होता. बाकीच्यांना दुसरा संसर्ग होता, दोन संसर्ग एकत्र होते, किंवा काहीच नव्हतं. आधी थ्रश होऊन गेलेल्या स्त्रियांचा अंदाजही फारसा बरोबर निघत नाही. खाज हे लक्षण इतक्या दुखण्यांत येतं की नुसत्या खाजेवरून काही ठरवता येत नाही.

थ्रशमध्ये खाज असते, बाहेरचा भाग लाल होतो, सुजतो, कधी त्वचेला बारीक चिरा पडतात. लघवी त्या चिरांना लागली की आग होते, संबंधाच्या वेळी दुखतं. गुठळ्या असलेला घट्ट पांढरा स्राव हे पुस्तकी लक्षण आहे, पण तो प्रत्येकीला असतोच असं नाही. आणि स्रावाला फारसा वास नसतो. मासळीसारखा वास येत असेल, विशेषतः संबंधानंतर, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा (योनीतल्या जीवाणूंचं संतुलन बिघडण्याचा) संशय घ्यायचा. स्राव पिवळट-हिरवट, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा लैंगिक संबंधांतून पसरणारा संसर्ग. फोड येऊन फुटत असतील, खूप दुखत असेल तर हर्पीस. या तिन्हींवर फंगसच्या औषधाचा काडीचाही उपयोग नाही.

हमखास निसटतात ते त्वचेचे आजार. लायकेन स्क्लेरोससमध्ये बाहेरची त्वचा पांढुरकी, पातळ होते आणि रात्री झोप उडवणारी खाज सुटते. स्राव मात्र नसतो. हा आजार वेळेत ओळखून उपचार केले नाहीत तर त्वचा आक्रसते, पुढे तिथे कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. इसब, सोरायसिस, सुगंधी साबणाची किंवा पॅडची ॲलर्जी, पाळी बंद झाल्यानंतरचा कोरडेपणा हे सगळे ‘फंगल’ या नावाखाली खपून जातात. आणखी एक विचित्र शक्यता म्हणजे जे मलम लावतोय त्याचीच ॲलर्जी. लावलं की आग वाढते, आग वाढली म्हणून आणखी लावलं जातं, आणि चक्र थांबत नाही.

ताप, ओटीपोटात दुखणं, मध्येच रक्त जाणं किंवा जखम, यांपैकी काहीही असेल तर घरी वाट बघू नका. थ्रशमध्ये हे होत नाही.

पायरी २: दोन-तीन महिन्यांची नोंद

फोनमध्ये ठेवा किंवा वहीत, पण ठेवा. त्रास सुरू झाल्याची तारीख, पाळीचा कितवा दिवस, आधी काय जाणवलं (खाज, आग की स्राव), कोणतं औषध किती दिवस घेतलं, आराम पूर्ण पडला की अर्धवट. त्याआधीच्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं होतं का, साबण, पॅड किंवा गर्भनिरोधक बदललं होतं का, तेही लिहा.

या नोंदीतून डॉक्टरांना बरंच कळतं. पाळीच्या आधी आठवडाभर वाढणारा आणि पाळी सुरू झाली की ओसरणारा त्रास थ्रशच्या नेहमीच्या चालीशी जुळतो. दर वेळी अँटिबायोटिकनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होत असेल तर कारण समोरच आहे. पण ‘औषधाने कमी होतं, पूर्ण कधीच जात नाही’ अशी नोंद असेल, तर एक तर कॅन्डिडाची वेगळी जात असते किंवा तो थ्रश नसतोच. मधले दिवस अगदी ठीक जातात की नाही, हा तपशील डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो बहुधा कोणी विचारत नाही.

पायरी ३: त्रास चालू असताना तपासणी

इथे वेळ साधावी लागते. खाज सुरू झाली की हात आधी मलमाकडे जातो, आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत नमुन्यात काही उरत नाही. म्हणून त्रास नसतानाच डॉक्टरांशी ठरवून ठेवा: पुढच्या वेळी लक्षणं दिसली की औषध न घेता एक-दोन दिवसांत येईन, स्वॅब (कापसाच्या काडीने स्रावाचा नमुना) घ्या. काही ठिकाणी स्वॅब स्वतः घेऊन देण्याचीही सोय असते.

तपासणीत तीन गोष्टी होतात. पीएच, म्हणजे आम्लता, बघायला एका कागदी पट्टीला स्राव लावतात. थ्रशमध्ये योनीचा पीएच बहुधा नेहमीसारखाच, म्हणजे ४.५ च्या खाली राहतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनासमध्ये तो बहुधा वर जातो. मग काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. हे काम काही मिनिटांत होतं, पण या तपासणीत बरेच रुग्ण सुटतात. म्हणून काचपट्टी निगेटिव्ह आली तरी थ्रश नाही असं म्हणता येत नाही. खरी उपयोगाची तपासणी म्हणजे कल्चर. नमुना प्रयोगशाळेत काही दिवस वाढवतात आणि बुरशीची नेमकी जात सांगतात.

जात कळण्याला इतकं महत्त्व का? बहुतेक थ्रश कॅन्डिडा अल्बिकन्समुळे होतो आणि तो फ्लुकोनॅझोल या फंगसच्या नेहमीच्या गोळीला सहसा दाद देतो. पण कॅन्डिडा ग्लॅब्राटावर हेच औषध अनेकदा अपुरं पडतं, आणि कॅन्डिडा क्रुसेईवर तर ते मुळातच चालत नाही. जात माहीत नसताना त्याच गोळीचा डोस वाढवत नेण्यात महिने जातात. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘फक्त यीस्ट आहे की नाही एवढंच नको, कोणती जात आहे तेही रिपोर्टमध्ये येईल का?’ पूर्वी बरेच उपचार झाले असतील तर कोणत्या औषधाला बुरशी दाद देते याची चाचणीही करून घ्यावी.

आता उलट बाजू. साधारण १० ते २० टक्के निरोगी स्त्रियांच्या योनीत कॅन्डिडा कसलाही त्रास न देता राहतो. त्यामुळे लक्षणं नसताना रिपोर्टमध्ये तो दिसला म्हणून औषध घ्यायची गरज नाही. रिपोर्ट आणि लक्षणं दोन्ही जुळायला हवीत.

पायरी ४: मागे काही कारण आहे का

रक्तातली साखर तपासा. मधुमेह आटोक्यात नसेल तर थ्रश पुन्हा पुन्हा होतो, आणि कधी कधी मधुमेहाचा पहिला सुगावा असाच लागतो. उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), यांपैकी एक चाचणी पुरते. मधुमेह आधीपासून असेल तर औषधांची यादी पुन्हा बघा. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि जननेंद्रियांचा फंगल संसर्ग हा त्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. साखर छान आटोक्यात आली आणि खाज मात्र नव्याने सुरू झाली, असं असेल तर औषध सुरू केल्याची तारीख आणि खाजेची तारीख शेजारी ठेवून बघा. ही औषधं मनाने बंद करू नका. मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून पर्याय ठरवा.

अँटिबायोटिक हे दुसरं मोठं कारण. दर वेळी त्यानंतर थ्रश होत असेल तर पुढच्या वेळी सोबतच फंगसचं औषध घ्यावं का, असं डॉक्टरांना विचारता येतं. त्यापुढे स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि एचआयव्ही. धोका असू शकतो असं वाटत असेल तर एचआयव्हीची चाचणी करून घेतलेली बरी. इस्ट्रोजेनचाही मोठा हात असतो. म्हणूनच गरोदरपणात थ्रश वाढतो, आणि पाळी सुरू होण्याआधीच्या वयात किंवा कायमची थांबल्यानंतर तो क्वचितच होतो. पाळी थांबल्यानंतर हार्मोनची औषधं घेत नसताना ‘सारखं फंगल’ होत असेल तर आधी निदानावरच शंका घ्या.

इतकं सगळं शोधूनही अनेकींच्या बाबतीत काहीच कारण सापडत नाही. साखर ठीक, एचआयव्ही नाही, औषधं नाहीत. अशा वेळी योनीच्या आतल्या प्रतिकारशक्तीची कॅन्डिडाला प्रतिक्रिया देण्याची पद्धतच वेगळी असते, काही घराण्यांत त्याला आनुवंशिक कारणही आढळलं आहे. कारण सापडलं नाही तरी उपचार तेच असतात आणि चालतातही.

पायरी ५: उपचार दोन टप्प्यांत

दर वेळी एक गोळी घेऊन थांबणं हे वारंवार होणाऱ्या थ्रशसाठी पुरेसं नसतं. लक्षणं जातात, पण बुरशी थोडी उरते आणि सवडीने पुन्हा वाढते. म्हणून आधी ती पूर्ण दाबायची आणि मग काही महिने डोकं वर काढू द्यायचं नाही.

पहिला टप्पा साधारण आठवडाभराचा. फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची गोळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. एका गोळीचा परिणाम योनीत सुमारे तीन दिवस टिकतो, म्हणून ७२ तासांचं अंतर. गोळी घेता येत नसेल तर क्लोट्रिमॅझोलसारखं योनीत ठेवायचं औषध सात ते चौदा रात्री वापरतात.

दुसरा टप्पा: आठवड्यातून एकदा १५० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा महिने. ठरावीक वार निवडा आणि फोनवर आठवण लावा. बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच गोळी सोडून देणं हे इथे नेहमी घडतं, आणि मग ‘या औषधाचाही उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष निघतो. आठवड्याची गोळी चालत नसेल तर क्लोट्रिमॅझोलची ५०० मिलिग्रॅमची योनीत ठेवायची गोळी आठवड्यातून एकदा, हा पर्याय आहे.

यातून किती अपेक्षा ठेवायची? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिने साप्ताहिक फ्लुकोनॅझोल घेणाऱ्या स्त्रियांपैकी ९०.८ टक्के त्या काळात थ्रशमुक्त राहिल्या. नुसती रिकामी गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३५.९ टक्के होतं. मात्र औषध थांबवून सहा महिने झाल्यावर पहिल्या गटातल्या ४२.९ टक्केच थ्रशमुक्त उरल्या. म्हणजे औषध चालू असताना दिलासा जवळपास खात्रीचा, पण थांबल्यावर निम्म्याहून अधिक जणींना तो परततो. हे आधी माहीत असलेलं बरं. नाहीतर परत झालेल्या पहिल्याच थ्रशने माणूस खचतो.

कल्चरमध्ये अल्बिकन्सऐवजी ग्लॅब्राटासारखी जात निघाली तर रस्ता वेगळा. तिथे बोरिक ॲसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या जिलेटिन कॅप्सूल रोज रात्री योनीत ठेवायला देतात, दोन ते तीन आठवडे. नायस्टॅटिनही वापरतात. बोरिक ॲसिड तोंडावाटे गेलं तर विषारी आहे, प्राणघातक ठरू शकतं. ते मुलांच्या हाती लागू नये, औषध चालू असताना मुखमैथुन टाळावं, आणि गरोदर असाल किंवा असण्याची शक्यता असेल तर ते वापरूच नये. हे औषध स्वतःच्या मनाने सुरू करण्यातलं नाही.

वापरातल्या काही बारीकसारीक गोष्टी. योनीत ठेवायची गोळी रात्री झोपताना ठेवावी, नाहीतर ती विरघळून बाहेर येते. त्या काळात टॅम्पॉन वापरू नये. यांतल्या बऱ्याच औषधांत तेल असतं आणि त्याने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, म्हणून गर्भनिरोधनासाठी त्यावर विसंबू नका. बाहेरच्या त्वचेसाठी स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध एकत्र असलेली मलमं सहज मिळतात आणि लगेच आराम देतात. माझं मत विचाराल तर या नाजूक जागेवर ती महिनोन्‌महिने लावण्याइतकी वाईट सवय दुसरी नाही. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

गोळी सुरू करण्याआधी हे सांगाच

फ्लुकोनॅझोल अनेक औषधांशी भांडतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिटचं फेनिटॉइन, मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन आणि हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करणारी औषधं घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. यकृताचा जुना त्रास असेल तर तोही. गरोदरपणात तोंडावाटे फ्लुकोनॅझोल टाळतात. तिथे क्लोट्रिमॅझोलसारखं योनीत ठेवायचं औषध सात दिवस देतात. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर सहा महिन्यांचा कोर्स सुरू करण्याआधीच ते बोलून घ्या.

बाकीच्या सूचनांचं काय करायचं

सुती अंतर्वस्त्रं, सैल कपडे, ओले कपडे लगेच बदलणं: करा, त्रास कमी जाणवतो, पण एवढ्याने वारंवार होणारा थ्रश थांबत नाही. साबण, इंटिमेट वॉश, सुगंधी वाइप्स, रोजचे पँटी लायनर मात्र खरोखर बंद करा. बाहेरची जागा नुसत्या पाण्याने किंवा साध्या बिनवासाच्या मॉइश्चरायझिंग क्रीमने धुता येते. आत पाणी मारून धुणं पूर्ण बंद.

स्वयंपाकघरातली कोणतीही वस्तू, टी ट्री तेल किंवा व्हिनेगर आत ठेवू-लावू नका. आधीच सोललेल्या त्वचेला ते भाजतं, आणि मग आग थ्रशची की उपायाची हे कोणालाच कळत नाही. प्रोबायोटिकबद्दलचे पुरावे कमकुवत आहेत. थ्रश असलेल्या बहुतेक स्त्रियांमध्ये चांगले लॅक्टोबॅसिलस जीवाणू आधीच पुरेसे असतात, त्यामुळे ते वाढवण्यामागचा तर्कच लंगडा आहे. मधुमेह नसताना गोड पूर्ण सोडल्याने थ्रश थांबतो याला ठोस आधार नाही.

जोडीदाराला औषध द्यायचं का? त्याला खाज, लाली, पुरळ असेल तर त्याच्यावर उपचार हवेत. लक्षणं नसताना त्याला गोळी दिल्याने तुमचा थ्रश परतण्याचं थांबत नाही. हा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार मानत नाहीत, त्यामुळे एकमेकांवर संशय घेण्याचं कारण नाही. त्रास चालू असताना संबंध टाळा ते दुखतं म्हणून. त्वचा भरून येईपर्यंत थांबणं पुरे. पण महिनोन्‌महिने दुखण्याची भीती बसली की कॅन्डिडा गेल्यावरही स्नायू आवळलेले राहतात आणि दुखत राहतं. तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगा, पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे योनीभोवतालच्या, स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची त्यात मदत होते.

सहा महिन्यांनंतर

औषध थांबवताना पुन्हा नोंद सुरू करा. परत लक्षणं आली तर गोळी घेण्याआधी पुन्हा स्वॅब. दीर्घ उपचारानंतर जात बदललेली असू शकते, किंवा अल्बिकन्सही फ्लुकोनॅझोलला दाद देईनासा होतो. कल्चरमध्ये तोच जुना, औषधाला दाद देणारा अल्बिकन्स निघाला तर तोच कोर्स पुन्हा करता येतो, आणि काही डॉक्टर या वेळी तो एकदम न थांबवता दोन आठवड्यांतून एकदा, मग महिन्यातून एकदा असा उतरवत नेतात. दाद न देणारा निघाला तर नवी औषधं आहेत. आयब्रेक्साफंजर्पला अमेरिकेत २०२१ मध्ये थ्रशसाठी आणि २०२२ मध्ये त्याचं परतणं कमी करण्यासाठी मान्यता मिळाली. ओटेसेकोनॅझोललाही २०२२ मध्येच मान्यता मिळाली, पण ते शरीरात फार काळ राहतं, म्हणून ज्यांना गर्भधारणा होण्याची शक्यताच नाही अशा स्त्रियांनाच देतात. आयब्रेक्साफंजर्पही गरोदरपणात चालत नाही. ही दोन्ही सगळीकडे मिळत नाहीत. इथवर आलात तर योनी आणि बाह्य जननेंद्रियांच्या आजारांचा खास अनुभव असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना सगळे कल्चर रिपोर्ट तारखांनुसार लावून सोबत न्या.